डाव्या पायाबद्दल कुणाला सांगायचं नाही

रविवार, ६ जुलै. पहाटे ५.१०

आजपासून दिव्यानीचं ट्रेनिंग. वनरक्षक भरतीचा फॉर्म भरून झाला, लेखी परीक्षेत पोरगी हुशार आहे, राहिलं फक्त धावणं. मुलींना तीन किलोमीटर. घरात कोच बसलेला असताना बाहेर कशाला शोधायचा? १९९४ साली तालुक्यात पंधराशे मीटरमध्ये माझा दुसरा नंबर आला होता. धावणारे आम्ही तिघंच होतो, पण नंबर तो नंबर.

तलावाच्या पाळीवर लॅबचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. हायस्कूलमध्ये एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर असण्याचा हा फायदा. टाइम सोळा मिनिटं वीस सेकंद. डिसेंबरपर्यंत तेराच्या आत आणतो, हा माझा शब्द.

कोचनेही थोडं धावलं पाहिजे म्हणून अर्धा फेरा मारला. डाव्या तळपायात टोचलं. धानाच्या रोवणीच्या चिखलात काटा गेला असेल. किरकोळ.

बुधवार, ९ जुलै

किरकोळ नाही. लॅबमधलं भिंग घरी आणलं आणि न्हाणीचं दार लावून पाहिलं. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर तुरीच्या दाण्याएवढी कडक जागा, मधे चार काळे ठिपके. आजूबाजूच्या कातडीच्या रेषा त्या जागेपर्यंत येतात आणि बाजूनं वळून जातात, जागेवरून जात नाहीत. नोंद करून ठेवली, उगीच.

निष्कर्ष: काटा आत चार ठिकाणी मोडला आहे. पद्धत शास्त्रीय असली की निष्कर्ष चुकत नाही.

घरी सांगितलं नाही. कोच लंगडतो म्हटल्यावर खेळाडूचं मनोधैर्य जातं.

शनिवार, १२ जुलै

देवकाबाईकडे गेलो. गावातल्या निम्म्या लोकांचे काटे तिनं काढले आहेत. उन्हात बसवलं, पाय मांडीवर घेतला. वरून दाबलं, फारसं दुखलं नाही. मग दोन बाजूंनी चिमटीत धरलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

देवकाबाई म्हणाली, मुखरूभाऊ, चाळीस वर्सं काटे काढून राह्यली मी. हा काटा नाई. याले मी सुई लावत नाई. दवाखान्यात दाखवा.

बाई आता सत्तरीला आली. नजर अधू झाली असेल.

दवाखान्याचं नाव काढलं आणि मी तडक घरी आलो. झिंगूकाका दवाखान्यात गेले होते ते पायाच्या अंगठ्याला जखम म्हणून. आधी अंगठा काढला. मग पाऊल. मग टोंगळ्याखालून पाय. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि रिकाम्या चपलेकडे पाहायची हिंमत होत नव्हती. डॉक्टर लोक अंगठ्यापासून सुरुवात करतात. माझी जागा अंगठ्याखालीच आहे.

रविवार, २० जुलै

निश्चय: स्वतः काढायचा. लॅबमधल्या डिसेक्शन बॉक्समधलं ब्लेड उकळत्या पाण्यात धुऊन घेतलं. एकोणतीस वर्षं बेडकांच्या ट्रे लावल्या, मला रक्ताची काय भीती.

थोडंसंच कापलं. रक्त मात्र टिपूस टिपूस थांबेना. शुद्ध आली तेव्हा न्हाणीत बादलीला टेकून बसलेलो. बायको, गुणा, दाराबाहेरून विचारत होती, अंदर काय करून राह्यले, पाणी संपलं का झोपले?

पाय घासताना घसरलो म्हणालो. तसं खोटं नाही, कारण नंतर खरंच घासलं. न्हाणीत पाय घासायचा काळा दगड आहे, आम्ही सगळे तोच वापरतो. रोज दहा मिनिटं घासलं तर काटा झिजून जाईल. रक्त नाही, ब्लेड नाही, डॉक्टर नाही. इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही?

शनिवार, २ ऑगस्ट

रोज घासतो आहे. वरचा थर निघाला की बरं वाटतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. पाळीवर आता सायकलवरून कोचिंग. दिव्यानीला सांगितलं, मोठे कोच गाडीवरूनच टाइम घेतात. ती पळता पळता म्हणाली, बाबा, सायकल बाजूनं घ्या, चिखल उडून राह्यला.

टाइम पंधरा पन्नास. सुधारणा आहे. कोचिंग लागू पडतंय.

सोमवार, १८ ऑगस्ट

आता तीन झाले.

काट्याला पिल्लं होत नाहीत.

दुपारी लॅबमध्ये बसून मोबाइलवर शोधलं. ‘पायाखाली काळे ठिपके’ एवढंच टाकलं. पहिल्याच पानावर कॅन्सर. मोबाइल उलटा ठेवला. बेल झाली, मुलं आली, त्यांना मॅग्नेशियमची फीत द्यायची होती, मी त्यांना लिटमस वाटला. सर काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही.

संध्याकाळी हिशेब केला. दिव्यानीचं लग्न व्हायचं आहे, भरती व्हायची आहे, पेन्शनला नऊ वर्षं आहेत. लगेच मरून चालणार नाही. तेव्हा कॅन्सर नाही असं धरून चालायचं.

मंगळवार, २ सप्टेंबर

आशाताई करिष्मा घरोघर फिरते आहे, कुष्ठरोगाची तपासणी. अंगावर चट्टे आहेत का, कुठं बधिर आहे का. कॅन्सरमधून कसाबसा बाहेर येतो तर हे. हा रोग माझ्या यादीत नव्हता, आता तोही घातला.

गोठ्यात जाऊन गाईच्या मागे बसलो. करिष्मा तिथंच आली. म्हणाली, काका, गाय तपासायची नाई मले, तुमाले तपासायचं हाये. तळपाय दाखवा. उजवा दाखवला. म्हणाली दुसरा. मी वळलो आणि पुन्हा उजवाच दाखवला. तिनं वहीत टिक केली.

ती गेल्यावर जिंकल्यासारखं वाटलं. मग भीती वाटली की खरंच तो रोग असला तर टिक मारलेला रोगी मी जिल्ह्यात एकटाच. मग आठवलं, कुष्ठरोगाची जागा बधिर असते म्हणतात, आणि माझी जागा तर हात लावला तरी ओरडायला लावते. आयुष्यात दुखण्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

रविवार, १४ सप्टेंबर

बूट घातला की दुखतं. चप्पल घातली की दुखतं. अनवाणी ओल्या गवतावर त्यातल्या त्यात बरं. म्हणून घरात नवा नियम: सगळ्यांनी अनवाणी राहायचं, तळपाय घट्ट होतात. दिव्यानीनंही पाळीवर आठवड्यातून तीन दिवस अनवाणी धावायचं. मोठे धावपटू असंच करतात, कुठंतरी वाचल्याचं आठवतं.

गुणा म्हणाली, तुमाले काऊन एवढं सुचून राह्यलं यंदा?

न्हाणीतल्या प्लॅस्टिकच्या चपला मी माळ्यावर टाकल्या. फरशी ओली असते, अनवाणी पायाला थंड लागते. शिस्त ही शिस्त.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ६.४०

दिव्यानी तिसऱ्या फेऱ्याला थांबली. पाळीवर खाली बसली, उजवा पाय वर घेतला. म्हणाली, बाबा, काटा गेला वाटते.

सायकल स्टँडवर लावता येईना.

घरी भिंग आणलं. तळव्यावर, टाचेच्या थोडं पुढे. दोन काळे ठिपके. कातडीच्या रेषा तिथपर्यंत येतात आणि बाजूनं वळून जातात.

भिंग पुसून पेटीत ठेवलं. पुन्हा काढलं, पुन्हा पाहिलं. तिला दोन बाजूंनी धरून पाहू का विचारलं, धरलं, तिनं पाय ओढून घेतला. पोरगी बावीस वर्षांची आहे, लहानपणी झाडावरून पडली तेव्हाही रडली नव्हती.

मी म्हणालो, काटाच असेल.

माझ्याच तोंडून निघालं. मागं घ्यायला वेळ होता, घेतलं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जेवण जात नाही. न्हाणीतला दगड नजरेसमोर येतो. मी घासतो, माझ्यानंतर ती घासते. माझं काही असो, कॅन्सर असो नाहीतर काही, तिला माझ्याकडून गेलं असेल तर?

निश्चय: उद्या सांगून टाकायचं. सकाळी, चहाच्या वेळी.

बुधवार, १५ ऑक्टोबर

चहाच्या वेळी शेजारचा पोचू येऊन बसला. सगळ्यांसमोर कसं सांगणार. उद्या नक्की.

दगड मात्र तलावात फेकून आलो. एक काम झालं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गुणानं बाजारातून नवा दगड आणला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

लिहावं की नाही. कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

गुणा ऐकेना, दिव्यानीला ब्रह्मपुरीला स्किनच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही गेलो, बापानं जायला पाहिजे. खोलीत शिरलो तर टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये पेनासारखी मशीन, वायर लावलेली. मी त्या ट्रेकडे पाठ करून बसलो.

बाईंनी दिव्यानीचा पाय पाहायला अर्धं मिनिट लावलं. म्हणाल्या, चामखीळ आहे. तळपायावर येते ती वजनानं आत दाबली जाते, म्हणून काट्यासारखी टोचते. काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. कातडीच्या रेषा तिच्यावरून जात नाहीत, ही खूण. कुरूप वरून दाबलं की दुखतं, ही बाजूनं चिमटीत धरली की जास्त दुखते.

प्रत्येक वाक्याला माझा डावा पाय बुटात आत आत जात होता.

कॅन्सर नाही, महारोग नाही. व्हायरस. जीवघेणं काही नाही, कित्येकांची आपोआपही जाते, फक्त वेळ लागतो. मला तिथं उठून देवाला हात जोडावेसे वाटले. पण बाई बोलतच होत्या. म्हणाल्या, ओल्या फरशीवरून पसरते. एकमेकांची चप्पल, टॉवेल, पाय घासायचा दगड यांतून पसरते. ब्लेडनं कापायचं नाही, कापलं की शेजारी नवी उगवते. न्हाणीत चप्पल घालायची, पाय कोरडे ठेवायचे, दगड प्रत्येकाचा वेगळा.

औषधाची पट्टी दिली. रोज कोमट पाण्यात पाय भिजवायचा, मऊ झालेला थर घासायचा, पट्टी लावायची, दोन-तीन महिने. जाळून लगेच निघते, पण जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे धावणं बंद. धावायची टेस्ट डिसेंबरच्या मध्यावर आहे. बाई म्हणाल्या, मग आजच जाळूया, महिनाभर हातात राहतो. फक्त एक सांगा, घरात आणखी कुणाला आहे का? असेल तर बरोबरच उपचार करू, नाहीतर हिला पुन्हा होईल आणि मग टेस्टच्या आधी वेळ राहणार नाही.

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं, मी घरचा मोठा म्हणून.

मी म्हणालो, नाही.

पेनासारखी मशीन सुरू झाली तसा बारीक आवाज आला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा हसत होती. म्हणाली, एका इंजेक्शनचं काम होतं बाबा, काईच नाई.

रविवार, २ नोव्हेंबर

आता एकच मार्ग. पोरीला पुन्हा लागायच्या आत माझा पाय गुपचूप बरा करायचा. माझ्याकडे आता सहा आहेत. डॉक्टरबाईंकडे जाता येत नाही, ‘नाही’ म्हणून बसलो आहे.

पोचूला विचारलं, एका मित्राच्या पायाला असं असं आहे. पोचू म्हणाला, बिब्बा लाव म्हणा त्याले. सुईवर टोचून दिव्यावर धरायचा, तेल गळते ते टाकायचं, आठ दिवसात मुळापासून निघते. मित्राले म्हणा घाबरू नको.

पोचूला सगळं समजतं. झाडाचं औषध आहे, शरीराला अपाय नाही. संध्याकाळी गोठ्यात बसून सहाही जागांवर टाकलं. एक-दोन थेंब इकडे तिकडे गेले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बिब्बा उतला. पाय घोट्यापर्यंत सुजला, पाणी भरलेले फोड, खाज अशी की भिंतीवर घासावासा वाटतो. पापण्याही सुजल्या, बहुतेक तोच हात डोळ्याला लागला. शाळेत रजा.

गुणानं खोबऱ्याचं तेल लावलं. विचारलं, बिब्बा कशाले लावला? टाचेला भेग होती म्हणालो. ती म्हणाली, भेगीले आमसूल तेल लावते माणूस, तुमी बिब्बा लावला. एकोणतीस वर्सं शास्त्राच्या खोलीत काय झाडूच मारला का?

तेवढ्यात तिनं झिंगूकाकांचं काढलं. म्हणाली, तुमच्या काकाचं बी असंच. शुगर होती, आठ महिने जखम धोतराखाली लपवली, कुणाले दाखवली नाई. वास सुटला तवा नेलं. डॉक्टर तरी काय करन?

आठ महिने लपवली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. पाच.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पडून आहे. फोड सुकले, चामखिळी जागच्या जागी. बिब्ब्याला त्यांनी दाद दिली नाही.

दिव्यानीची जखम भरली, गेल्या आठवड्यापासून पुन्हा धावते आहे. मी नसल्यामुळे रोज बूट घालून जाते, वेळ स्वतःच घेते. आज सांगितलं, चौदा मिनिटं पाच सेकंद.

मी शेवटचा टाइम घेतला होता तो पंधरा दहा होता. मधे दोन आठवडे पाय बांधलेला होता, आणि कोच अंथरुणात होता. तरी एवढी सुधारणा कशी झाली याचा विचार केला. थंडी सुरू झाली आहे, हवा चांगली आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दिव्यानीच्या पायाला पुन्हा. जुन्या जागेच्या बाजूला दोन.

मी अंथरुणातून उठून न्हाणीत अनवाणी जात होतो. माळ्यावरच्या चपला काढल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ती एकटीच ब्रह्मपुरीला जाऊन आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता जाळलं तर टेस्ट गेली. पट्टी लावा, भोवती गादी लावून दाब कमी करा, दुखेल तसं धावा. आणि म्हणाल्या, घरातल्या एकेकाचे पाय पाहा, कुणाला तरी असणार.

घरी आल्या आल्या दिव्यानीनं आईला खाटेवर बसवलं. गुणाचे दोन्ही पाय स्वच्छ. मग माझ्याकडे वळली. माझ्या डाव्या पायावर बिब्ब्याच्या फोडांसाठी बांधलेली कापडाची पट्टी होतीच. म्हणालो, याले हात लावू नको, चिघळेल.

ती म्हणाली, राहू द्या बाबा, तुमचा पाय आधीच खराब हाये. माझ्या पायावर चादर घातली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निश्चय: सांगायचं. टेस्टच्या आधी नाही, मनोधैर्य जाईल. टेस्ट झाल्या झाल्या.

हा निश्चय शास्त्रीय नाही हे कळतं. भीती वाटते. मशीनची नाही आता. ती काय म्हणेल त्याची.

रविवार, १४ डिसेंबर. चंद्रपूर

मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. गर्दीत बाप लोक खूप. एकानं विचारलं, कोण हो तुमची? चौथ्या लायनीतली, लाल बुटांची. एकानं विचारलं, कोच कोण? मी स्वेटरची चेन वर ओढली.

पहिली दोन मिनिटं ती पुढच्या दहांत. निम्मं झालं तेव्हाही पुढच्या पंधरात. मग उजवा पाय वेगळा पडायला लागला. मला तो पडण्याचा प्रकार ओळखीचा आहे, मी सहा महिने तसाच चालतो आहे. टाचेऐवजी बाहेरच्या कडेवर. शेवटच्या वळणावर तिनं ओठ चावला, एक एक करून मुली पुढे गेल्या. मी जाळी धरून होतो.

तेरा मिनिटं बावन्न सेकंद. पास आहे, पण मार्क कमी. तेराच्या आत आली असती तर पूर्ण पडले असते असं बाजूचा माणूस म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतं.

बसस्टँडवर आलूबोंडा घेतला. तिनं बूट सैल केला. मोजा रक्तानं ओला होता. तिनं पहिला घास घेतला आणि मी बोललो. माझ्यापासून लागलं तुला. जुलैपासून आहे माझ्या डाव्या पायाला. डॉक्टरबाईंसमोर मी खोटं बोललो.

तिचा हात तसाच थांबला. मग म्हणाली, पाय दाखवा.

तिथं, बसस्टँडच्या बाकावर, सगळ्यांसमोर बूट काढला. तिनं वाकून पाहिलं, बोटानं मोजल्या. नऊ. विचारलं, आपण ऑक्टोबरात गेलो तवा बी होत्या का? होत्या म्हणालो. किती? मी म्हणालो, सहा.

उरलेला आलूबोंडा तिनं कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. नागभीडच्या बसमध्ये बसलो. मूल गाव गेलं, सिंदेवाही गेलं, ती खिडकीकडे पाहत होती. उतरताना एवढंच म्हणाली, उद्या सकाळी ब्रह्मपुरीले जाचं हाये. दोघाले.

सोमवार, १५ डिसेंबर

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. शुगर तपासली, ती नाही. बिब्ब्याच्या डागांकडे पाहून डोकं हलवलं.

इंजेक्शन टोचताना दिव्यानी माझा हात धरून होती. मी डोळे मिटून पाढे म्हणत होतो. सतराच्या पाढ्यात अडकलो, पुन्हा सुरू केला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, झालं. नऊच्या नऊ. अठरा मिनिटं लागली, इंजेक्शन धरून.

अठरा मिनिटं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखलं म्हणून नाही. बाईंना वाटलं दुखलं म्हणून, त्यांनी कापूस दिला.

नंतर तिच्या दोन काढल्या. बाईंनी तिला सांगितलं, आता परत होणार नाही बहुतेक. ‘आता’ शब्दावर जरा जोर होता, की मला वाटला.

घरी येऊन माळ्यावरून न्हाणीच्या चपला खाली काढल्या, धुतल्या, दाराशी ठेवल्या. तीन दगड आणले, प्रत्येकावर नाव टाकलं. गुणानं विचारलं काऊन. सगळं सांगितलं, बिब्ब्यासकट, गोठ्यातल्या उजव्या पायासकट. तिनं आपल्या नावाचा दगड उचलून पाहिला. मग म्हणाली, पोरीले नाई तर मले सांगायचं होतं.

गुरुवार, ८ जानेवारी

यादी लागली. दिव्यानी प्रतीक्षा यादीत, क्रमांक चार. निवड झालेल्या शेवटच्या मुलीपेक्षा अडीच मार्क कमी. तेवढे मार्क कुठं गेले ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, आईलाही.

मी रात्रीपासून एक भाषण तयार केलं होतं. चुका कबूल, पण खचायचं नाही, पाय बरा झाला, पुढच्या भरतीसाठी उद्यापासून पाळीवर नव्या दमानं, चप्पल-बुटाची शिस्त पाळून. मुद्दे वहीत लिहिले होते.

पहिला मुद्दा संपायच्या आत दिव्यानी म्हणाली, बाबा, पुढच्या टायमाले माझ्यासंगं आई येईल पाळीवर. तुमी राहू द्या.

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. बूट घालून ती बाहेर गेली, गुणाही पदर खोचून तिच्या मागून गेली. मी बरं म्हटलं आणि दोघी परत येतील तेव्हासाठी चहाचं आधण ठेवलं.